चांदीच्या जुन्या चमच्यांचा संग्रह

चांदीचे जुने चमचे, मुख्यतः इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथे घडलेले, जमवण्याचा छंद. चहादाणी किंवा तबकापेक्षा चमचा लहान असतो, परवडतो, आणि तो कुठे, कधी व कोणी घडवला याची नोंद बहुतेक नगांवर ठशांच्या रूपात असते. त्याचे मोल चांदीच्या भावाने करणे म्हणजे जुनी पोथी रद्दीच्या काट्यावर तोलणे होय.

सर्वांत प्रतिष्ठेचे मानले जातात ते पंधराव्या ते सतराव्या शतकांतले ‘अपॉसल’ चमचे. दांड्याच्या टोकाला येशूच्या शिष्याची ओतीव मूर्ती असते. किल्ली घेतलेला पीटर, फुलीच्या आकाराचा क्रूस घेतलेला अँड्र्यू, सुरी घेतलेला बार्थोलोम्यू अशी ओळख पटते. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांनी बाळाला असा चमचा द्यायची रीत होती. आपल्याकडे उष्टावणाला चांदीची वाटी-चमचा देतात, त्याच जातीची ही भेट. बारा शिष्य आणि स्वतः येशू असा तेरा नगांचा पूर्ण संच अत्यंत दुर्मिळ आहे. ब्रिटिश म्युझियममधील सुमारे १५३६ च्या संचात तेरावी मूर्ती मरियमची आहे.

दुर्मिळतेचे मुख्य कारण मूस. गरज पडली की चांदी वितळवायची, हा रिवाज राजापासून रंकापर्यंत सर्वत्र होता. १६४९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यावर राज्याभिषेकाची भांडी मोडीत निघाली, पण बाराव्या शतकातला अभिषेकाचा चमचा वाचला, कारण राजवाड्यातल्या क्लेमंट किनर्सली या अधिकाऱ्याने तो १६ शिलिंगांना विकत घेतला आणि पुढे दुसऱ्या चार्ल्सला परत दिला. २०२३ च्या राज्याभिषेकातही तोच वापरला गेला. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हाही कितीतरी जुनी भांडी भट्टीत गेली.

खरा अभ्यास ठशांचा. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीचा कस हजारी ९२५ (हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी) ठरला आणि कसाला उतरलेल्या भांड्यावर बिबट्याचे मुंडके ठोकले जाऊ लागले. १३६३ मध्ये कारागिराचे चिन्ह सक्तीचे झाले, १४७८ मध्ये वर्षाचे अक्षर आले, १५४४ मध्ये चालता सिंह. लंडनची अक्षरे वीस, ‘ए’ ते ‘यू’, मधला ‘जे’ वगळून; वीस वर्षे संपली की अक्षराचे वळण बदलून पुन्हा ‘ए’. अक्षर मे महिन्यात बदले, म्हणून १७५६-५७ असा जोडसन लिहितात. १६९७ मध्ये नाणी कातरून भांडी करण्याला आळा घालण्यासाठी भांड्यांचा कस ९५८ वर नेला. ही सक्ती १७२० पर्यंत टिकली, आणि त्या काळात सिंहाच्या जागी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातली ब्रिटनभूमी, दिसते. राजाचे किंवा राणीचे मुंडके असेल तर कर भरल्याची ती खूण. माल १७८४ ते १८९० मधला. बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर, एडिंबरोचा किल्ला, डब्लिनची वीणा ही गावांची चिन्हे. कॉर्क व लिमरिकचे कारागीर डब्लिनपर्यंत माल तपासणीला धाडण्याऐवजी सरळ ‘स्टर्लिंग’ (९२५ कसाची चांदी) असा शब्दच ठोकत. स्कॉटलंडमधल्या टेन, विक अशा लहान गावांच्या ठशाचा चमचा तशाच लंडनी चमच्याच्या कितीतरी पट किमतीला जातो.

ठसा कुठे आहे तेही पाहावे लागते. सुमारे १७८० पर्यंत तो दांड्याच्या मागे, खोलगट भागाजवळच्या अरुंद जागी असे. ठोक्याने पसरलेला दांडा कारागीर पुन्हा हातोडीने सारखा करी, त्यामुळे अक्षरे दबून लांबट झालेली दिसतात. इतक्या जुन्या चमच्यावर कोरे करकरीत ठसे दिसले तर संशय घ्यावा.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चमचे टेबलावर पालथे मांडत, म्हणून घराण्याची मुद्रा मागच्या बाजूला कोरलेली असते. याच पाठीवर पुढे चित्रे आली. जॉन विल्क्स या बंडखोर पुढाऱ्याच्या समर्थकांसाठी उघड्या पिंजऱ्यावर बसलेला पक्षी आणि ‘आय लव्ह लिबर्टी’ ही अक्षरे असलेले चहाचे चमचे निघाले; राजकारण बशीपर्यंत पोचल्याचा याहून सुबक पुरावा क्वचितच मिळेल. चहापत्ती काढायचे आखूड चमचे हा वेगळाच लाडका प्रकार: शिंपला, पान, तळहात, अगदी जॉकीची टोपीसुद्धा. हेस्टर बेटमन या विधवेने १७६१ मध्ये स्वतःचे ‘एच बी’ चिन्ह नोंदवले, आणि तिच्या चमच्यांना आजही खास मागणी आहे. नाव मोठे असले तरी तिच्या तोडीचे, पण कमी नावाजलेले कारागीर तेव्हा लंडनमध्ये बरेच होते.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. साध्या जुन्या चमच्याला नवी मूर्ती डाख देऊन ‘अपॉसल’ करतात. अठराव्या शतकातले साधे चमचे पुढच्या शतकात ठोकून त्यांवर फळांची नक्षी उठवली गेली. हे ‘बेरी स्पून’ देखणे असले तरी त्यांचे मूळ रूप गेलेले असते. मुद्रा घासून काढली असेल तर तिथला पत्रा पातळ लागतो. खोलगट भागाच्या टोकाची एका बाजूची झीज मात्र दोष मानू नये: उजव्या हाताने वर्षानुवर्षे खाल्ल्याने डावी कड झिजते. मीठ चांदी खाते, म्हणून मिठाच्या चमच्यांना आतून सोन्याचा मुलामा असे. तो अति घासल्याने जातो.

ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी कस-तपासणीची सक्ती नव्हती, त्यामुळे येथील चमच्यांवर बहुधा घडवणाऱ्याचे नावच काय ते मिळते: कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स, भूजचे उमरशी मावजी. मद्रासी चमच्यांवर देवमूर्ती, कच्छी चमच्यांवर दाट वेलबुट्टी. अशा वेळी भिस्त घडणीच्या पारखीवर. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरील अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी लिलावात चमचा पाठवायचा बेत असेल, तर आधी त्याचे वय ठरवून घ्यावे लागते.