स्कॉटिश हायलँड्समधील सायकलप्रवास

स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागातील डोंगराळ मुलखात, पक्क्या पण बहुधा अरुंद रस्त्यांवरून, जंगले, लॉख (सरोवरे) आणि खिंडी पार करत केला जाणारा सायकलप्रवास. दुपारची दोन तासांची फेरी, तंबू सोबत घेऊन केलेली पंधरवड्याची भटकंती आणि घड्याळाशी स्पर्धा करत मारलेली दौड, हे सगळे त्यात येते. या प्रदेशातले रस्ते हौसेने फिरणाऱ्यांसाठी क्वचितच बांधले गेले. कोणता सैन्याच्या कूचासाठी झाला, कोणता गुरांच्या वाटेवरून गेला, तर कोणता दूरच्या शहराला पाणी पुरवणाऱ्या सरोवराच्या काठाने आखला गेला. रस्ता मुळात कशासाठी होता यावर त्याचा चढ ठरतो, म्हणून इथला इतिहास सायकलस्वाराला आधी पायांना जाणवतो.

भूरचना

ॲरन बेटापासून पूर्व किनाऱ्यावरच्या स्टोनहेवनपर्यंत तिरपा गेलेला हायलँड सीमाभ्रंश, म्हणजे भूकवचातली मोठी भेग, ही या प्रदेशाची दक्षिण सीमा. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट १८४५ मध्ये घेणारा रॉबर्ट विल्यम थॉमसन याच स्टोनहेवनचा. डनलॉपचा टायर आला तो १८८८ मध्ये. सीमाभ्रंशाच्या उत्तरेला फोर्ट विल्यमपासून इन्व्हरनेसपर्यंत ग्रेट ग्लेन ही सरळसोट भेग आहे व तिच्यात लॉख नेस वसले आहे. ते सुमारे ३७ किमी लांब आणि सुमारे २३० मी. खोल आहे.

उंचीच्या आकड्यांनी फसू नये. ब्रिटनमधले सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १,३४५ मी. उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ठेंगणे. पण इथले बरेच चढ अगदी समुद्रकाठापासून सुरू होतात, आणि ५७ अंश उत्तर अक्षांशावर साधारण ६०० मीटरच्या आसपास झाडांची साथ सुटते. तिथून पुढे वाऱ्याला अडवणारे काहीच नसते.

दऱ्या हिमनद्यांनी कोरलेल्या असल्याने तळाशी रुंद आणि बाजूंनी उभ्या आहेत. हिमनद्यांनी खणलेल्या लांबट खोलगटांत पाणी साचून सरोवरे झाली. लॉख हा गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतला, शब्द गोड्या पाण्याच्या सरोवराला लागतो, तसाच जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यालाही लागतो. नकाशावर लॉखच्या काठचा रस्ता सपाट भासतो. प्रत्यक्षात प्रत्येक ओढ्याला आणि प्रत्येक खडकाळ टोकाला तो थोडा चढतो व लगेच उतरतो, आणि दिवसअखेर या लहान चढांची बेरीज एखाद्या खिंडीएवढी होते.

इथे येण्याआधी दहा-बारा गेलिक शब्द शिकून घेण्यासारखे आहेत. 'बेन' म्हणजे डोंगर, 'ग्लेन' अरुंद दरी, 'स्ट्राथ' रुंद सपाट खोरे, 'ड्रिम' डोंगराची धार, 'इन्व्हर' नदीचे मुख, आणि 'ब्यालख' म्हणजे खिंड. नावात स्ट्राथ दिसला की पाय सुखावतात, ब्यालख दिसला की आधी खाऊन घ्यावे.

रस्त्यांचे मूळ

१७१५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) बंडानंतर हायलँड्सवर वचक बसवण्यासाठी ब्रिटिश सरकारने जनरल जॉर्ज वेड याला पाठवले. १७२५ पासून त्याने सैनिकांच्या हातून सुमारे ४०० किमी रस्ते बांधून घेतले. फौज आणि तोफा लवकर पोहोचाव्यात, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यामुळे ते शक्य तिथे सरळ गेले आणि डोंगर आडवा आला तर थेट अंगावर घेतला. ॲबरफेल्डी येथे टे नदीवर वेडने १७३३ मध्ये बांधलेला दगडी पूल आजही वाहतुकीचा आहे आणि सायकली त्यावरून जातात.

वेडनंतर विल्यम कॉलफील्ड याने हे काम कितीतरी पटींनी वाढवले. ग्लेन क्रोच्या माथ्यावर सैनिकांनी 'विसावा घे आणि आभार मान' अशा अर्थाचा दगड उभारला, आणि 'रेस्ट अँड बी थँकफुल' हेच खिंडीचे नाव होऊन बसले. दरडी कोसळून वरचा महामार्ग बंद पडतो तेव्हा वाहतूक खालच्या जुन्या लष्करी रस्त्याने वळवली जाते. पूर्वेकडचा लेख्टचा रस्ताही याच घराण्यातला. १७५४ मध्ये ३३ व्या पलटणीच्या पाच तुकड्यांनी स्पे नदीपर्यंतचा हा रस्ता केल्याची नोंद तिथल्या दगडावर कोरलेली आहे. लेख्टचे काही टप्पे २० टक्के चढाचे आहेत, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटर वर. पायी चालणाऱ्या सैनिकाला तो चालून गेला असेल. सामान लादलेल्या सायकलवर तिथे सर्वांत हलका गिअरही अपुरा पडतो.

१८०३ मध्ये काम टॉमस टेलफर्ड या अभियंत्याकडे आले आणि रस्त्यांचा स्वभाव बदलला. खर्च निम्मा सरकारचा, निम्मा जमीनदारांचा. बग्ग्या आणि मालगाड्या चालाव्यात म्हणून टेलफर्डने चढ सौम्य ठेवले, पाण्याचा निचरा नीट केला आणि लहानमोठे हजारावर पूल बांधले. लष्करी रस्त्यावरून टेलफर्डच्या रस्त्यावर आल्याचे फलक न वाचताही कळते, कारण श्वासाची लय परत येते.

ब्यालख ना बा

हायलँड्समधल्या चढांत हा सर्वांत नावाजलेला. नावाचा अर्थ 'गुरांची खिंड'. ॲपलक्रॉस द्वीपकल्पातली गुरे बाजाराकडे हाकत नेण्याची ही वाट. १८२२ मध्ये तिचा रस्ता झाला. तो लॉख किशॉर्न या समुद्राच्या फाट्याच्या काठावरून निघतो आणि सुमारे ९ किलोमीटरमध्ये ६२६ मीटरवर पोहोचतो. शिकाऊ चालकांनी, मोठ्या वाहनांनी आणि कॅरव्हॅन ओढणाऱ्यांनी पुढे जाऊ नये, असा फलक पायथ्याशीच आहे.

पहिला निम्मा चढ उघड्या उतारावरून हळूहळू वर जातो आणि उजवीकडे-डावीकडे पाहायला उसंत देतो. मग रस्ता काळ्या कड्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खोलगटात शिरतो. शेवटची नागमोडी वळणे समोरच्या भिंतीवर टांगल्यासारखी दिसतात आणि तिथवर जाणारा सरळ पट्टा संपता संपत नाही. हा पट्टाच खरा जड आहे. वळणांवर चढ घडीभर सैल होतो व उभे राहून पेडल मारता येते, पण सरळ पट्ट्यावर तशी सवलत नाही, आणि त्यात दरीतून वर येणारा वारा कोणत्या बाजूने लागेल याचा भरवसा नसतो. माथ्यावर पोहोचल्यावर आकाश स्वच्छ असेल तर समोर रासे बेट आणि त्यामागे स्कायचे कुलिन डोंगर दिसतात. ढग उतरला असेल तर पुढचे चाकही धूसर.

पलीकडे ॲपलक्रॉस गाव आहे. त्याचे गेलिक नाव आ खोमरिख, म्हणजे 'अभयस्थान'. संत मेलरूबाने ६७३ मध्ये इथे मठ स्थापला आणि त्याच्या परिसरात आलेल्याला आश्रय मिळे, त्यावरून हे नाव पडले. १९७० च्या दशकात उत्तरेकडून शील्डेगचा किनारी रस्ता पूर्ण होईपर्यंत रस्त्याने या गावात यायचे तर ही खिंड हाच मार्ग होता. हिवाळ्यात बर्फाने ती बंद झाली की गावकऱ्यांना उरत असे तो समुद्र. आज सायकलस्वार हौसेने जो चढ चढतो, तो दीडशे वर्षे इथल्या माणसांच्या आजारपणातला, बाजारहाटातला आणि टपालातला होता. माथ्यावर छायाचित्र काढताना एवढे ध्यानात असावे.

उंचीने याहून वरचढ रस्ताही आहे. ब्लेअरगाउरी ते ब्रेमार मार्गावरील केर्नवेल खिंड ६७० मी. उंच असून ब्रिटनमधल्या प्रमुख रस्त्यांत ती सर्वांत उंच. मात्र तिथे रस्ता रुंद आणि रहदारी वेगवान आहे, त्यामुळे ब्यालखचे एकाकीपण तिच्यात नाही.

जंगल आणि मोकळे माळ

परक्या माणसाला हायलँड्स अस्पर्श निसर्ग वाटतो. हा समज चुकीचा आहे, आणि सायकलच्या वेगाने जाणाऱ्याला तो दुरुस्त करायची उत्तम संधी मिळते. कॅलेडोनियन वन या नावाने ओळखले जाणारे मूळ स्कॉट्स पाइनचे जंगल आता अगदी थोड्या तुकड्यांत उरले आहे. रोथीमर्कस, ॲबर्नेथी, ग्लेन ॲफ्रिक ही त्यांतली मोठी नावे. तांबूस सालीचे, वेडेवाकडे, एकमेकांपासून अंतर राखून उभे असलेले वृक्ष आणि खाली ब्लेबेरी व हेदरची झुडपे: अशा जंगलात शिरल्यावर उजेड टिकून राहतो.

याउलट ओळीने उभी, काळोखी, एकाच उंचीची झाडे दिसली तर ती लागवड समजावी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची टंचाई जाणवली आणि १९१९ मध्ये वनीकरण आयोग स्थापन झाला. त्याने उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सिटका स्प्रूस मोठ्या प्रमाणावर लावला. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडची जेमतेम ५ टक्के भूमी झाडांखाली होती. ते प्रमाण आता १९ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यात लागवडीचा वाटा फार मोठा. या वनांतले लाकूडतोडीचे खडीचे रस्ते सायकलींना मोकळे असतात. वृक्षतोड चालू असलेल्या भागात मात्र फलक पाळावेत.

माळांचे मोकळेपणही नैसर्गिक नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनदारांनी कुळांना हुसकावून त्यांच्या जागी मेंढ्या आणल्या. सदरलंडमधील स्ट्राथनेव्हर खोरे १८१४ आणि १८१९ मध्ये असेच रिकामे केले गेले. लॉख नेव्हरच्या काठाने उत्तर किनाऱ्यावरच्या बेटीहिलकडे जाणारा रस्ता आज सायकलस्वारांना शांत म्हणून आवडतो. ही शांतता कुठून आली हे रोसालसारख्या ओसाड गावांचे जोते पाहिल्यावर कळते. तिथे सायकल टेकवून थोडे चालावे. गवताखाली घरांच्या भिंतींच्या रेषा अजून शाबूत आहेत.

मार्ग आणि शर्यती

ग्लासगो ते इन्व्हरनेस हा राष्ट्रीय सायकल जाळ्यातला ७ क्रमांकाचा मार्ग नवख्यांसाठी सर्वांत योग्य आहे. तो ट्रॉसॅक्समधून लॉख लुबनेगच्या काठाने वर जातो आणि ग्लेन ओगलमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर चढतो. १९६५ मध्ये दरड कोसळल्यावर कॅलँडर-ओबान रेल्वेचा हा भाग कायमचा बंद झाला. आगगाडीसाठी आखलेला असल्याने इथला चढ कुठेही अंगावर येत नाही. पुढे ड्रमॉख्टरची सुमारे ४६० मीटरची खिंड महामार्गाच्या आवाजासोबत ओलांडावी लागते. हा टप्पा कंटाळवाणा आहे. ७८ क्रमांकाचा मार्ग कॅम्पबेलटाउनपासून पश्चिम किनाऱ्याने व ग्रेट ग्लेनमधून इन्व्हरनेसला पोहोचतो.

लॉख कॅट्रिनच्या उत्तर काठचा सुमारे २० किमी रस्ता या सगळ्यांत वेगळा. १८५९ पासून हे सरोवर ग्लासगोला पाणी पुरवते, म्हणून रस्ता पाणीपुरवठा यंत्रणेकडे आहे आणि सामान्य मोटारींना तिथे बंदी आहे. लहान मुलांना घेऊन हायलँड्सची पहिली ओळख करून द्यायची असेल तर याहून चांगली जागा नाही.

इन्व्हरनेसहून निघून तिथेच परतणारा, सुमारे ८३० किमीचा 'नॉर्थ कोस्ट ५००' हा वळसा २०१५ मध्ये पर्यटनासाठी जाहीर झाला. त्याने दूरच्या गावांना गिऱ्हाईक दिले, पण एकेरी रस्त्यांवर मोटारघरांची रांगही आणली. जुलै-ऑगस्ट टाळलेले बरे.

स्पर्धेचा इतिहास जुना आहे. १८८६ मध्ये जी. पी. मिल्स याने उंच चाकाच्या सायकलवरून लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स हे ब्रिटनचे टोक-ते-टोक अंतर ५ दिवस १ तास ४५ मिनिटांत कापले. त्याचा शेवटचा भाग हायलँड्समधलाच. पिटलॉख्रीची 'एटाप कॅलेडोनिया' २००७ पासून मोटारींना बंद केलेल्या रस्त्यांवर होते आणि शिहॅलियन डोंगराच्या अंगाखांद्यावरून जाते. याच डोंगराच्या आधारे १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मास्केलिनने पृथ्वीची घनता मोजण्याचा प्रयोग केला, आणि त्याची आकडेमोड करताना गणितज्ञ चार्ल्स हटनने समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) वापरल्या. नकाशावर त्याच रेषांची दाटी पाहून सायकलस्वार आज चढ ओळखतो. २०२३ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची रस्ता शर्यत लॉख लोमंडच्या काठावरून सुटली व ग्लासगोत संपली. ती बेल्जियमच्या लोटे कोपेकीने जिंकली.

व्यवहार

एकपदरी रस्त्यांवर ठरावीक अंतराने 'पासिंग प्लेस'चे फुगवटे असतात. ते समोरच्याला वाट देण्यासाठी आहेत, तसेच मागून येणाऱ्याला पुढे सोडण्यासाठीही. मागे मोटार साचू देणे इथे असभ्य मानतात. जनावरे अडवण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जाळ्या पावसात निसरड्या होतात. त्यांवरून सरळ रेषेत, ब्रेक न दाबता जावे.

जूनमध्ये इन्व्हरनेसला सुमारे १८ तास उजेड असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसहा तास. मे महिना सर्वांत चांगला, कारण त्यानंतर मिज नावाची बारीक चिलटे वाढतात. सायकल चालू असेपर्यंत ती गाठत नाहीत, जोराच्या वाऱ्यात उडतही नाहीत, पण निवाऱ्याला थांबून पंक्चर काढायला बसले की तोंडा-कानांत शिरतात. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून लांबचा प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे आखण्याची पद्धत आहे. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो.

२००३ च्या भूसुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक खासगी माळांतून व वनांतून पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क दिला आहे. खासगी इस्टेटींचे रस्ते त्यामुळे सायकलींना खुले झाले. ए९ आणि ए८२ या महामार्गांवर सायकलला मनाई नाही, तरी शक्य तिथे त्यांना वळसा घालावा. फोर्ट विल्यमच्या दक्षिणेला कॉरन येथे लॉख लिनी ओलांडणारी बोट सायकलस्वाराकडून पैसे घेत नाही, आणि पलीकडच्या काठचा रस्ता जवळपास रिकामा असतो. ग्लासगो-ओबान मार्गावर २०२१ पासून २० सायकली मावतील असे खास डबे जोडले जातात. पश्चिमेकडच्या बेटांना जाणाऱ्या कालमॅक या कंपनीच्या बोटींवर सायकलचे भाडे लागत नाही.