म्युझिक प्लेअरमध्ये आपली गाणी सापडत का नाहीत : थोडी पार्श्वभूमी

फोनमध्ये गाणी आहेत, प्लेअर पण आहे, तरी हवं ते गाणं पटकन सापडत नाही, ही तक्रार स्मार्टफोनपेक्षाही जुनी आहे. ॲप बदला, फोन बदला, 'अननोन आर्टिस्ट' नावाचा गायक काही पाठ सोडत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गाणी बहुतेक त्यानेच गायलेली असावीत. लोक प्लेस्टोअरवर जाऊन ॲपला एक स्टार देऊन येतात, पण ॲप बिचारं निम्म्या वेळा निर्दोष असतं. गोम फाइलमध्ये आहे आणि ती १९९६ सालची आहे.

एमपी३ फॉरमॅट घडवण्यात जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा, फाइलच्या नावामागचं 'डॉट एमपी३' हे शेपूट १९९५ मध्ये ठरलं. त्या फाइलमध्ये आवाज होता पण गाणं कोणाचं, कुठल्या अल्बममधलं, हे लिहायची सोयच नव्हती. मग १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या माणसाने एक जुगाड केला. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटचा (एक बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराची जागा) तुकडा चिकटवायचा, त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, आणि संगीतप्रकाराला १. याला आयडी३ टॅग म्हणतात. संगीतप्रकार शब्दात लिहायचा नाही, ठरलेल्या ८० प्रकारांच्या यादीतला नंबर टाकायचा. त्या यादीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे, ख्रिश्चन रॅपसुद्धा आहे, पण ख्याल, भावगीत, नाट्यगीत, भजन यातलं काही म्हणजे काही नाही. फार तर 'एथनिक' मध्ये कोंबा आणि गप्प बसा.

देवनागरीचा तर तेव्हा विचारच नव्हता. आणि समजा कोणी हट्टाने आजच्या यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत त्या ३० बाइटांत मराठी लिहायला बसलं तरी देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे फक्त १० चिन्हं, आणि 'ज्ञानेश्वर' लिहायला काना, मात्रा, पायमोडके सगळे धरून बरोबर १० लागतात. पुढे 'माउली' लिहायला जागाच उरत नाही.

खरी अडचण मात्र कलाकाराच्या एका रकान्याची. हा साचा पाश्चात्त्य पॉप आणि रॉकसाठी बनला, तिथे बँडच गाणं लिहितो, चाल लावतो, गातो, त्यामुळे एक नाव पुरतं. आपल्याकडे आकाशवाणीवर गाणं लावण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची पद्धत. मग त्या एका रकान्यात कोणाला बसवायचं? सिनेमाचं गाणं असेल तर अल्बम म्हणजे सिनेमाचं नाव, ठीक आहे, पण आकाशवाणीसाठी बसवलेल्या भावगीताचा अल्बम कुठला? म्हणून तेच गाणं एकाच्या फोनमध्ये गायिकेच्या नावाखाली, दुसऱ्याच्या फोनमध्ये संगीतकाराच्या नावाखाली आणि तिसऱ्याकडे 'मराठी हिट्स भाग २' मध्ये. १९९८ मध्ये टॅगची दुसरी आवृत्ती आली त्यात संगीतकार, गीतकार यांना वेगळे रकाने मिळाले, युनिकोडची, म्हणजे देवनागरीसकट कुठल्याही लिपीत लिहायची, सोय झाली, अल्बमचं चित्रही टाकता येऊ लागलं. पण रकाने भरणार कोण?

आपल्याकडे ते भरले पायरेटेड गाण्यांच्या साइट्सनी. साधारण २००५ ते २०१५ हा मेमरी कार्डचा काळ, सोनी एरिक्सनचे वॉकमन फोन, नोकियाचा ५३१० एक्सप्रेसम्युझिक, नंतर दणदणीत स्पीकरचे स्वस्त चायना फोन, आणि प्रत्येक एसटी स्टँडसमोर एक मोबाइलचं दुकान, जिथे कार्ड दिलं की पोरगा कॉम्प्युटरवरून गाणी भरून द्यायचा. "काका, नवीन टाकू का जुनी?" एवढीच वर्गवारी. ती गाणी ज्या साइटवरून उतरवलेली असायची त्यांनी अल्बमच्या, कलाकाराच्या, शेऱ्याच्या सगळ्या रकान्यांत स्वतःचा वेब पत्ता घातलेला आणि चित्राच्या जागी स्वतःचा लोगो. त्यामुळे प्लेअर उघडला की दोनशे गाण्यांचा गायक एकच, ती साइट. फायली फोनमधून फोनमध्ये ब्लूटूथने फिरत राहिल्या, आजही लोकांच्या कार्डावर आहेत.

यात भर पडली आयपॉडची. कॉम्प्युटरवरचा १९९७ चा विनॅम्प प्लेअर साधा होता, फोल्डर ओढून टाकायचा आणि ऐकायचं. २००१ मध्ये कॉम्प्युटरवरचा आयट्यून्स प्लेअर आणि खिशातला आयपॉड आले तेव्हा ॲपलने फोल्डर लपवून टाकले, सगळं टॅगवरून, आर्टिस्ट, अल्बम, साँग. टॅग नीट असतील तर ते खरंच झकास चालायचं. अँड्रॉइडच्या प्लेअरांनीही हाच साचा उचलला. पण आपले लोक गाणी फोल्डरमध्ये लावतात, 'भजन', 'जुनी मराठी', 'लग्न', 'पप्पांची'. म्हणून आपल्याकडे प्लेअर चांगला की वाईट हे बघताना इक्वलायझरच्या आधी फोल्डर व्ह्यू आहे का ते विचारलं जातं, आणि माझ्या मते बरोबरच आहे ते.

अँड्रॉइडने स्वतःचे घोळ वेगळे घातले. त्याचा मीडिया स्कॅनर दिसेल ती ऑडिओ फाइल गोळा करतो, म्हणजे अभंग संपतो न संपतो तोच सोसायटीच्या पाण्याच्या टँकरबद्दल व्हॉट्सॲपवर आलेली ऑडिओ क्लिप किंवा कॉल रेकॉर्डिंग सुरू. ६० सेकंदांपेक्षा छोट्या फाइल्स लपवा, हे फीचर त्यातून आलं. २०१३ च्या किटकॅट या अँड्रॉइड आवृत्तीने बाहेरच्या ॲपांना मेमरी कार्डावर मनासारखं लिहायला बंदी केली, त्यामुळे टॅग दुरुस्त करणं किंवा गाणं उडवणं अचानक बंद पडलं, मग पुढच्या आवृत्तीत परवानगी मागायची सोय झाली, आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ ने नियम पुन्हा कडक केले. नोटिफिकेशन दाखवत वाजणाऱ्या प्लेअरला सिस्टिमने सहसा हात लावायचा नाही असा संकेत आहे, तरी काही कंपन्या बॅटरी वाचवायच्या नादात स्क्रीन बंद होताच त्याला मारतात, शिव्या परत प्लेअरला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, कार्डवाली दुकानं स्क्रीनगार्ड विकू लागली. वाटलं आता टॅगची कटकट मिटली. पण साचा तोच राहिला, फक्त रकाने आता म्युझिक कंपन्या भरतात. गायक, संगीतकार, कधी गीतकार, सगळे स्वल्पविराम देऊन 'आर्टिस्ट' मध्ये, नावं बहुतेक रोमनमध्ये, तीही प्रत्येक कंपनीच्या स्पेलिंगने. शिवाय सेवाच बंद होते. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस गेलं, तिथे स्वतःची ५०,००० गाणी चढवता यायची, लोकांना ती यूट्यूब म्युझिकवर हलवावी लागली. एअरटेलचं विंक २०२४ मध्ये गुंडाळलं.

म्हणून ऑफलाइन प्लेअर अजून टिकून आहेत. म्युझिकोलेट हे भारतीय ॲप इंटरनेटची परवानगीच मागत नाही, फोल्डर दाखवतं, गाण्यांच्या एकापेक्षा जास्त रांगा लावू देतं, टॅगही ॲपमध्येच बदलता येतात. अर्थात दोनशे गाण्यांतून त्या साइटचा पत्ता खोडायला एक रविवार जातोच.