आठ चोक बत्तीस आणि वर दोन : लॉगच्या एका ओळीचा इतिहास

सर्व्हरच्या लॉगमधली, म्हणजे प्रोग्रॅम चालताना काय घडलं याच्या नोंदींमधली, एक जुनी ओळ घेऊ. सुरुवातीला टोकदार कंसात ३४. मग ऑक्टोबर ११, २२:१४:१५. मग यंत्राचं नाव, मग प्रोग्रॅमचं नाव, आणि शेवटी मजकूर : अमुक वापरकर्त्याने 'रूट', म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ऑगस्ट २००१ च्या आरएफसी ३१६४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराचे क्रमांकित दस्तऐवज) ही ओळ नमुना म्हणून छापलेली आहे. त्या दस्तऐवजाने नवा नियम केला नव्हता. लोक वीसेक वर्षं जे करत आले होते ते फक्त लिहून काढलं होतं.

त्याआधी काय होतं? प्रिंट, म्हणजे प्रोग्रॅमने पडद्यावर किंवा कागदावर संदेश छापणं. आजही अडलं की आपण तेच करतो : 'इथपर्यंत आलो' असा प्रिंट टाकायचा आणि बघायचं. पण हा संदेश जाणार कुठे, हा प्रश्न युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला फार लवकर पडला. युनिक्स जिथे घडलं त्या बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर, म्हणजे प्रकाशाने कागदावर अक्षरं उमटवणारं यंत्र, होता. त्यातून निघालेली कागदाची लांब पट्टी उग्र वासाच्या यंत्रातून धुऊन काढावी लागे, त्यात काही मिनिटं जात. एका दुपारी तिथल्या अनेकांना एकच अनुभव आला : एवढ्या खटाटोपानंतर पट्टीवर एकच ओळ, सुबक टायपात : फाइल उघडता आली नाही. बरीच कुरकुर झाली आणि थोड्याच दिवसांत चुकांच्या संदेशांसाठी वेगळी वाट निघाली. तीच आपली स्टँडर्ड एरर.

एका माणसाच्या एका टर्मिनलपुरतं हे पुरेसं होतं. पण पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅमला टर्मिनलच नसतं. एरिक ऑलमन बर्कलेत सेंडमेल हा ई-मेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होते, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. टपाल रात्रंदिवस वाहणार, बिघडणार, आणि समोर कुणी बसलेलं नसणार. म्हणून त्यांनी सिसलॉग केला : प्रोग्रॅमने फक्त एक फंक्शन बोलवायचं, संदेश फाइलमध्ये जावा, पडद्यावर यावा की दुसऱ्या यंत्राकडे जावा हे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं. सेंडमेलसाठी केलेली ही सोय सगळ्यांनी उचलली.

आता तो ३४. यात दोन गोष्टी कोंबल्यात : संदेश कुठल्या खात्याचा आणि किती गंभीर. खात्याच्या क्रमांकाला आठाने गुणायचं आणि गांभीर्य मिळवायचं. आठ चोक बत्तीस, वर दोन. चार म्हणजे सुरक्षा व ओळखपडताळणी, दोन म्हणजे क्रिटिकल. गांभीर्य ० ते ७ : शून्य म्हणजे हाहाकार, सात म्हणजे डिबग, चुका शोधताना लागणारा बारीक तपशील. आकडा लहान तेवढा प्रसंग मोठा, त्यामुळे नवखी मुलं हमखास उलटं वाचतात. खात्यांच्या यादीत टपाल २, प्रिंटर ६, आणि ८ क्रमांक यूयूसीपीला. यूयूसीपी म्हणजे यंत्रं एकमेकांना फोन लावून टपाल देत तेव्हाची व्यवस्था. आज ती क्वचितच कुणी चालवतं, क्रमांक मात्र अजून राखीव आहे.

नेटवर्कवर हे संदेश यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीने, ५१४ पोर्टवर, पोच न घेता जात. गर्दी झाली की हरवत, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. यावरून सिसलॉगला खूप बोल लागले. मला मात्र तो निर्णय बरोबरच वाटतो : लॉग लिहून होईना म्हणून टपाल थांबलं, असं होता कामा नये.

त्या ओळीतली खरी खोट तारखेत आहे. वर्ष नाही, टाइमझोनही नाही. एकच यंत्र असेल तर चालून जातं. ग्रीनिच वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरचा लॉग पुण्यात बसून वाचताना मात्र साडेपाच तास मिळवायचे, वजा करायचे की कुणीतरी आधीच मिळवलेत, इथपासून सुरुवात. एकदा रात्री अडीच वाजता मी दोन सर्व्हरचे लॉग शेजारी लावले, तर विनंती निघायच्या आधीच उत्तर आलेलं. बग शोधण्यात तास गेला. एका यंत्राचं घड्याळ मागे होतं, एवढंच. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम घड्याळावरून लावता येईलच असं नाही; कुठला संदेश कुठल्या संदेशानंतर, एवढ्यावरच भरवसा ठेवावा. डेव्हिड मिल्स यांचं एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत, १९८५ मध्ये आरएफसी होऊन आलं, त्याने घड्याळं जवळ आणली. सिसलॉगच्या ओळीला प्रमाणित रूपात वर्ष आणि टाइमझोन मिळायला मात्र २००९ उजाडलं.

दरम्यान ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांची डोकेदुखी निराळी होती : डिबगच्या ओळी बंद केल्या तरी फुकट नसतात. भलीमोठी ऑर्डर मजकुरात बदलून फंक्शनला द्यायची आणि त्याने 'डिबग बंद आहे' म्हणत ती फेकून द्यायची. सी-वाल्यांनी यावर मॅक्रो वापरले, म्हणजे प्रोग्रॅम बांधतानाच ओळ गाळता येईल अशी सोय. जावात जेकी गुल्जू यांचं लॉगफोरजे हे लॉग लिहायचं तयार साधन आलं. प्रोग्रॅमच्या एका भागाचा (पॅकेजचा) डिबग चालू, बाकी सगळे गप्प, ही सोय त्याने रुळवली. पुढे त्यांच्याच एसएलएफफोरजे या दुसऱ्या साधनामध्ये मजकुरात रिकामे महिरपी कंस ठेवायचे आणि लिहायची वेळ आली तरच ते भरायचे, ही युक्ती आली.

वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटना एका माळेत ओवायचा, घड्याळाने न सुटलेला प्रश्न गूगलने २०१० च्या डॅपर या शोधनिबंधात वेगळ्या वाटेने घेतला. विनंती दारात आली की तिला एक क्रमांक द्यायचा आणि ती जाईल त्या प्रत्येक सर्व्हरने तो पुढे न्यायचा. सगळं टिपणं परवडेना, म्हणून पहिल्या आवृत्तीत सरासरी १०२४ मागे एक विनंती टिपली जाई. ट्विटरचं झिपकिन त्याच वळणाचं, आणि २०१९ पासूनचं ओपनटेलिमेट्रीही.

लॉग हा निरुपद्रवी कोपरा, हा समज डिसेंबर २०२१ मध्ये मोडला. लॉगफोरजेच्या नव्याने लिहिलेल्या दुसऱ्या पिढीत २०१३ साली एक सोय घातली होती : मजकुरात ठरावीक खूण दिसली की दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती आणून तिथे भरायची. वापरकर्त्याने नावाच्या रकान्यात ती खूण टाइप केली, सर्व्हरने इमानेइतबारे ती लॉग केली, की परक्याचा कोड आत. सुरक्षेतल्या त्रुटी मोजायच्या वेगळ्या पट्टीवर गांभीर्य दहापैकी दहा. त्या आठवड्यात अनेकांना पहिल्यांदा शोधावं लागलं की आपल्याकडे ही लायब्ररी नेमकी कुठे कुठे आहे.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने भारतातल्या कंपन्यांना लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं. त्याच आदेशात घड्याळांचंही कलम आहे : वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी मिळवून घ्यायची.