काचेचे सरकते दार आणि घरातले लहान मूल

घराच्या प्रवेशाला काचेचे सरकते दार असले आणि मूल रांगू लागले, की आईवडिलांच्या मनात पहिला विचार येतो तो कुलपाचा. मूल दार सरकवून एकटेच बाहेर जाईल ही भीती रास्तच आहे. पण अशा दारामुळे मुलाला इजा कशी होऊ शकते याचा नीट विचार केला, तर माझ्या मते सुरुवात काचेपासून करायला हवी आणि कुलपाकडे त्यानंतर वळायला हवे.

मुलाला काच कशी दिसते, किंबहुना का दिसत नाही, हे आधी पाहू. 1960 मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रसिद्ध प्रयोगाची माहिती प्रकाशित केली. त्यांनी टेबलासारख्या मांडणीवर जाड काच बसवली होती. तिच्या अर्ध्या भागाला चौकड्यांची नक्षी खालून चिकटलेली होती, तर उरलेल्या अर्ध्या भागात तीच नक्षी बरीच खाली, जमिनीवर होती. 6 ते 14 महिने वयाच्या 36 मुलांपैकी 27 मुले मधल्या फळीवरून पुढे सरकली आणि त्यांतील फक्त 3 मुले ‘खोल’ दिसणाऱ्या बाजूकडे गेली. काही मुलांनी काच हाताने थोपटून पाहिली, ती भक्कम असल्याचे त्यांच्या तळव्याला कळले, तरीही ती पुढे गेली नाहीत. या वयात डोळ्यांना जे दिसते त्यावरचा विश्वास स्पर्शापेक्षा किती मोठा असतो, हे त्यावरून कळते. उभ्या काचेसमोर हाच विश्वास मुलाला फसवतो, कारण डोळ्यांना समोर मोकळी वाट दिसत असते.

स्वच्छ काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के, म्हणजे एका काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे 8 टक्केच प्रकाश परत फिरतो. बाहेर लख्ख ऊन असताना घरातल्या वस्तूंचे हे क्षीण प्रतिबिंब उजेडात बुडून जाते आणि काच जणू नाहीशी होते. म्हणून तिच्यावर खुणा हव्यात, आणि त्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण 30 ते 90 सेंटिमीटरच्या पट्ट्यात हव्यात. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावलेली एखादी सुंदर नक्षी रांगणाऱ्या मुलाच्या काहीच कामाची नाही. खुणा अपारदर्शक आणि एकमेकींच्या जवळ असाव्यात. त्यांत फिकट आणि गडद असे दोन्ही रंग असले, तर दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या अंधारातही त्या उठून दिसतात.

तरीही मूल धावत येऊन आदळू शकते, आणि तेव्हा काच कोणत्या जातीची आहे यावर सारे अवलंबून असते. साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार सुळके होतात. टफन्ड काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड केलेली असते. तिचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग नंतर आकुंचन पावतो, आणि त्या ओढीमुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. काचेतील तडा तिला ताण बसल्यावरच पसरतो. इथे त्या ताणाला आधी हा दाब मोडून काढावा लागतो, म्हणून ही काच साध्या काचेच्या सुमारे चौपट धक्का सोसते. फुटलीच तर साठलेल्या ताणामुळे तिचे बोथट, बारीक तुकडे होतात. तिची दुबळी जागा म्हणजे कडा आणि कोपरे, त्यामुळे कडेचा टवका उडालेला दिसल्यास ती काच बदलून घ्यावी. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि फुटल्यावर तुकडे त्यालाच चिकटून राहतात.

घरातली काच कोणती, हे बहुधा तिच्या कोपऱ्यात कोरलेल्या बारीक शिक्क्यावरून कळते. शिक्का नसेल, तर पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाचे प्रतिबिंब पडलेल्या काचेकडे तिरके पाहावे. टफन्ड काचेत अनेकदा गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. काच साधी निघाली, तर ती बदलणे हाच उत्तम उपाय होय. ते तूर्त शक्य नसेल, तर सुरक्षा फिल्म चिकटवावी. फिल्ममुळे काच फुटायची थांबत नाही, पण तुकडे जागच्या जागी धरले जातात.

दुसरा धोका बोटांना असतो. काचेच्या दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो वजन भरते. 1 मीटर रुंद, 2 मीटर उंच आणि प्रत्येकी 5 मिलिमीटरच्या दोन काचांची झडप म्हणजे चौकट सोडूनच 50 किलो. ती सेकंदाला अर्धा मीटर या संथ गतीने येऊन बोटावर एका सेंटिमीटरच्या आत थांबली, तर सरासरी 600 न्यूटनहून अधिक बल पडते; 60 किलोपेक्षा जास्त भार बोटावर ठेवावा तितके. चाके गुळगुळीत फिरत असली की मुलालाही झडप सहज ढकलता येते, पण थांबवता येत नाही. वेग वाढेल तसा जास्त विरोध करणारा डॅम्पर बसवणे सर्वांत चांगले. नाहीतर चौकटीवर उंचावर मऊ रबरी ठोकळा लावून थोडी फट राखावी. झडप उघडताना स्थिर काचेच्या कडेशीही बोटे सापडतात, याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते.

आता कुलूप. खालच्या खाचेत टाकलेला अडसर तीन वर्षांचे मूलही उचलू शकते, तेव्हा कडी दीड मीटरपेक्षा उंच हवी आणि जवळ चढायला स्टूल नको. चिकटवून बसवायचे खटके घेताना एक गोष्ट पाहावी: चिकट थर पृष्ठभागाला समांतर ओढ चांगली सोसतो, पण कडेपासून सोलल्यासारखी ओढ बसली की लवकर सुटतो. त्यामुळे खटका दार सरकण्याच्या दिशेतच ओढला जाईल असा बसवावा. हवेसाठी दार किंचित उघडे ठेवायचे असेल, तर फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. त्याहून थोड्या रुंद फटीतून लहान मुलाचे अंग निघून जाते आणि डोके अडकते.

हे प्रवेशाचे दार असल्यामुळे आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटही तीच असू शकते. म्हणून आतल्या बाजूने किल्ली लागणारे कुलूप लावू नये, आणि निवडलेली कडी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, आजी-आजोबांनीसुद्धा, दिवे बंद करून एका हाताने उघडून पाहावी.