जांभळा उजेड दिसला की लगेच 'यूव्ही' म्हणू नका

गुडघेबदलाच्या ऑपरेशन थिएटरचा फोटो येतो, छतावरून जांभळा उजेड पडलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं: 'यूव्हीने निर्जंतुक'. अनेकदा ते यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, नसतातच.

यूव्हीची ट्यूब ओळखीची आहे: तरंगलांबी 254 नॅनोमीटर, जंतूंच्या डीएनएवर थेट घाव, काम काही मिनिटांत. फोटोतला जांभळा उजेड बहुधा दुसराच असतो: 405 नॅनोमीटरचा दृश्य प्रकाश. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने त्यावर बरंच काम केलं आहे.

गोंधळ रंगामुळे होतो. यूव्हीची ट्यूब निळसर दिसते, पण जंतू मारणारे तिचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. 405 मध्ये जो उजेड दिसतो, तोच काम करतो. जंतूंमधली पॉर्फिरिन नावाची द्रव्यं तो शोषून घेतात, ऑक्सिजनच्या साथीने घातक रेणू तयार होतात आणि जंतू आतून मरतो. तेवढा उजेड माणसाला चालतो. म्हणूनच पांढऱ्या दिव्यात मिसळून तो शस्त्रक्रिया चालू असतानाही लावता येतो. खोली रिकामी झाली की निव्वळ जांभळा, जास्त जोराचा. मात्र त्याला तासन्‌तास लागतात.

सांधेबदलात हाच फरक महत्त्वाचा. रिकामी खोली यूव्हीने कितीही स्वच्छ करा, नंतर माणसं आत येतात आणि त्यांच्या त्वचेचे सूक्ष्म कण जंतूंसकट हवेत उडत राहतात. त्यातले मोजके जरी कृत्रिम सांध्यावर बसले, तरी चिकट थर धरतात आणि मग औषधांना दाद देत नाहीत. यूव्ही चालू ठेवून शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, पण त्यासाठी सगळ्यांनी त्वचा आणि डोळे झाकून घ्यावे लागतात.

उलटा गैरसमज तर धोक्याचाच. 'हा उजेड निरुपद्रवी असतो' असं ऐकून कोणी पेटत्या यूव्ही ट्यूबखाली फरशी पुसायला गेलं, तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. दारावर इशाऱ्याची पाटी आणि ट्यूबचं बटण खोलीबाहेर हवंच, त्याला पर्याय नाही.

405 मुळे थिएटरमधले जंतू कमी होतात, याचे पुरावे चांगले आहेत. रुग्णांमधला संसर्ग कमी होतो, याचे अजून तोकडे आहेत. त्यामुळे दिव्याची जाहिरात करणाऱ्या रुग्णालयाला मी आधी विचारीन: चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक देता ना? आणि शस्त्रक्रिया चालू असताना थिएटरचं दार किती वेळा उघडतं?