पार्श्वभूमी : आठ तासांचा कायदा आणि खेपेचा हिशेब

ट्रकचालकाने दिवसाला किती तास काम करायचं, हे कागदावर १९६१ सालीच ठरलं. त्या वर्षीच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली; लांब पल्ल्यासाठी ती दहा आणि ५४ तासांपर्यंत ताणायची मुभा ठेवली. मधली विश्रांती, साप्ताहिक सुटी, भरपगारी रजा, सगळं त्यात होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली.

मेख एकच होती. कायदा पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाच लागू होता. एसटीत ड्युटीचे तक्ते होते, संघटना होत्या, तिथे त्याला काही अर्थ आला. ट्रकचा धंदा मात्र मुख्यतः एक-दोन गाड्यांच्या मालकांचा, आणि पुष्कळदा मालकच चालक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हीच मर्यादा सगळ्या व्यावसायिक वाहनांच्या चालकांना लावली. ते मोजणार कोण? युरोपात ट्रकमध्येच चालकाचे तास नोंदवणारं यंत्र बसवावं लागतं. आपल्याकडे बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, माल आणि भाडं लिहिलेलं असतं, झोप नव्हे.

खरा नियम खेपेचा. पैसे खेपेवर मिळतात, त्यामुळे माल भरायला, उतरवायला, वाराईच्या (हमालीच्या) वादात गेलेला वेळ चालकाच्या खिशातून जातो आणि तो रात्री स्टिअरिंगवर भरून काढावा लागतो. मुंबईच्या वेशीवर, मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवर लागणाऱ्या रांगा २०१७ मध्ये जीएसटीबरोबर संपल्या. पण लगोलग २०१८ मध्ये, फास्टॅग आणि ट्रॅकिंग यंत्र असेल तर नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या) गाडीवर दोन चालकांची सक्तीही उठली. म्हणजे नाक्यावर वाचलेला वेळ मालकाच्या हिशेबात गेला, असं म्हणायला जागा आहे. रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांत केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी बारा तास गाडी चालवत होते. निम्मेअधिक नाही, तरी जवळपास निम्मे जण थकवा किंवा झोप आली तरी गाडी थांबवत नव्हते.

आरोग्याकडे लक्ष गेलं, तेही वाकड्या वाटेने. एड्सच्या साथीत ट्रकचालक हा संसर्ग गावोगाव नेणारा गट म्हणून सरकारी कागदांत आला आणि महामार्गांवर, ट्रक टर्मिनलांत दवाखाने निघाले. ते उपयोगी होते, यात शंका नाही. पण तिथे चिंता चालकाची कमी आणि त्याच्यामुळे इतरांना काय होईल याची जास्त होती. त्याची कंबर, त्याचा रक्तदाब, दुपारी तापलेल्या केबिनमधला त्याचा घाम, हे विषय फार उशिरा आले. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आयआयटी दिल्लीच्या अहवालात तपासलेल्या सुमारे ५० हजार चालकांपैकी ५५ टक्क्यांना दृष्टिदोष आढळला, ५७ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता. नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तोही २०२५ मध्येच. आधीच रस्त्यावर असलेल्या लाखो गाड्यांना तो लागू नाही.

दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चक्का जाम केला, तो तासांसाठी नव्हता. अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या भारतीय न्याय संहितेतल्या (नव्या फौजदारी कायद्यातल्या) तरतुदीवर तो राग होता, आणि केंद्राला ते कलम थांबवून ठेवावं लागलं. तासांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. एप्रिल २०२५ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने आठ तासांची मर्यादा पाळली जात नसल्याची दखल घेतली आणि ती अमलात आणण्यासाठी संबंधितांच्या बैठका घ्यायला केंद्राला सांगितलं.