स्कॉटलंडमधील धार्मिक संशयवाद (सतरावे-अठरावे शतक)

प्रेसबिटेरियन (बिशपांऐवजी पाळक आणि वडीलधारे चालवतात त्या प्रॉटेस्टंट) चर्चच्या करड्या शिस्तीतील स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्मतत्त्वांविषयी व्यक्त झालेला अविश्वास. या चर्चला स्कॉट लोक ‘कर्क’ म्हणतात. १६९० मध्ये प्रेसबिटेरियन पद्धत अधिकृत चर्चव्यवस्था म्हणून कायम झाली. गावोगावी पाळक (धर्मोपदेशक) आणि चर्चमधले वडीलधारे यांची ‘कर्क सेशन’ ही सभा असे. रविवारी केलेले काम, शिवीगाळ, व्यभिचार यांची चौकशी तिथे होई. दोषी माणसाला भर उपासनेत पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवत, कधी अंगावर गोणपाट घालून.

गंमत अशी, की शंकेला खतपाणी कर्कच्याच शिकवणीतून मिळत होते. तारण (पापातून मुक्ती) कोणाचे होणार हे देवाने आधीच ठरवलेले. आपण त्या निवडलेल्यांत आहोत का, हे मात्र ज्याने त्याने मन तपासून ओळखायचे. इतके खणल्यावर कधीतरी ‘मुळात देव आहे का’ हा प्रश्न येणारच. मनात आला तर तो सैतानाचा मोह, प्रार्थनेने घालवायचा. चारचौघांत बोलला की गुन्हा.

टॉमस एकेनहेड हा एडिंबरो विद्यापीठातील पोरका विद्यार्थी असाच बोलला. ऑगस्टमधल्या एका गारठलेल्या रात्री ट्रॉन चर्चवरून जाताना तो सोबत्यांना म्हणाला, की एज्राने (बायबलमधील एक यहुदी धर्मशास्त्री) सांगितलेल्या नरकात असतो तर जरा ऊब तरी मिळाली असती. जुना करार (बायबलचा पहिला भाग) म्हणजे एज्राच्या भाकडकथा आणि ख्रिस्त इजिप्तमध्ये जादू शिकला, असेही तो म्हणे. साक्षी दिल्या त्या बरोबरच्या विद्यार्थ्यांनीच. ईशनिंदेविरुद्धच्या १६९५ च्या कायद्यानुसार देहदंड तिसऱ्या गुन्ह्याला होता. पण देवाची निंदा करणाऱ्याला थेट मृत्यू देणारा १६६१ चा कायदाही आरोपपत्रात घेतला गेला. त्याने पश्चात्ताप व्यक्त करून दयेचा अर्ज केला. एकदोन पाळकांनी रदबदली केली, मात्र चर्चच्या महासभेने कायद्यांची कडक अंमलबजावणी मागितली. लागोपाठ पिके बुडत होती, हा देवाचा कोप मानला जात होता. दयेला ते दिवस अनुकूल नव्हते. ८ जानेवारी १६९७ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याला लीथ या एडिंबरोजवळच्या बंदराच्या रस्त्यावर फाशी दिले. ब्रिटनमध्ये ईशनिंदेसाठी दिलेली ही शेवटची फाशी. आपण श्रद्धेसाठी पक्का आधार शोधत होतो, असे त्याने अखेरच्या पत्रात लिहिले आहे.

एडिंबरोमध्येच १७११ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम जन्मला. चमत्कारांवरील विश्वास त्याने छापील पुस्तकांतून खिळखिळा केला, तरी त्याला मोजावी लागलेली किंमत वेगळीच होती: एडिंबरो आणि ग्लासगो या दोन्ही विद्यापीठांत प्राध्यापकपद हुकले. १७५५-५६ मध्ये महासभेत त्याच्याविरुद्ध झालेला कारवाईचा प्रयत्न फसला. ह्यू ब्लेअर, विल्यम रॉबर्टसन यांसारखे मवाळ पाळक तर त्याचे मित्रच होते. काळ बदलला होता हे खरे. पण जमीनदार घराण्यातला विद्वान आणि मागेपुढे कोणी नसलेला पोरगा यांतला फरकही विसरू नये. ह्यूमनेही सावधगिरी सोडली नव्हती. नैसर्गिक धर्मावरील (साक्षात्काराऐवजी तर्कावर आधारलेल्या धर्मावरील) त्याचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये छापले गेले. १७७६ मध्ये तो मरणपंथाला लागला असताना लेखक जेम्स बॉझवेलने विचारले, की मरणोत्तर जीवन असूच शकत नाही का? विस्तवावर ठेवलेला कोळसा पेटणार नाही हेही शक्य आहे, असे उत्तर मिळाले.

१६६१ आणि १६९५ चे दोन्ही कायदे १८१३ मध्ये रद्द झाले, ईशनिंदेचा गुन्हा मात्र राहिला. १८४३ मध्ये टॉमस पॅटरसन या पुस्तकविक्रेत्याला त्यासाठी तुरुंगात जावे लागले. तो गुन्हा रद्द करणारा कायदा स्कॉटिश संसदेने २०२१ मध्ये केला.